भट्टीतला चाकर, घरातला वैरी

मुंबई-हावडा लोहमार्गावर, नागपूरच्या पूर्वेस अडीचशे किलोमीटरांहून थोड्या अधिक अंतरावर भिलाई हे पोलादनगर वसले आहे. रात्रीच्या गाडीने जाणाऱ्या प्रवाशाला तेथील कारखान्यावरचा तांबूस उजेड दुरूनच दिसू लागतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्यासंबंधीचा करार झाला, तेव्हा हा सारा मुलूख जुन्या मध्य प्रदेश राज्यात मोडत होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. कारखान्याच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून लोक येथे आले. त्यांत मराठी कुटुंबेही पुष्कळ होती.

झोतभट्टीत लोखंड तयार होते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु खनिजातून लोखंड मोकळे करण्याचे खरे काम जो करतो, त्या वायूकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही की घशाला खवखव आणीत नाही. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. भट्टीत तो माणसाचा चाकर असतो. भट्टीबाहेर मोकळा सुटला तर काही मिनिटांत माणसाचा प्राण घेतो. हा वायू केवळ पोलादाच्या कारखान्यातच आढळतो असेही नाही. हिवाळ्याच्या रात्री बंद खोलीत ठेवलेल्या शेगडीतून, न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरमधून, बाळंतिणीच्या खाटेखालच्या निखाऱ्यांतूनही तो निर्माण होतो. म्हणूनच त्याची ओळख प्रत्येक घराने करून घ्यावयास हवी.

अर्धवट जळण्याचे अपत्य

कोळसा, लाकूड, गोवरी, रॉकेल, पेट्रोल किंवा स्वयंपाकाचा गॅस, यांतले कोणतेही इंधन घ्या. त्या सर्वांत कार्बन असतो. जळताना या कार्बनचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो. प्राणवायू भरपूर असेल तर कार्बनच्या प्रत्येक अणूला प्राणवायूचे दोन अणू मिळतात आणि कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. आपण उच्छ्वासावाटे बाहेर टाकतो तो हाच. मात्र प्राणवायू अपुरा पडला, तर कार्बनच्या अणूच्या वाट्याला एकच अणू येतो. या अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड जन्माला येतो.

त्याचे हे अपुरेपण लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपल्याला कमी पडलेला प्राणवायूचा दुसरा अणू मिळविण्यास तो तप्त अवस्थेत सदैव उत्सुक असतो, आणि संधी मिळताच दुसऱ्या पदार्थाकडून तो हिरावून घेतो. लोखंड तयार करण्याची सारी कला या एका गुणावर उभी आहे.

झोतभट्टीत काय घडते?

भिलाईला लोहखनिज येते ते दल्ली-राजहरा येथील खाणींतून. हे खनिज म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचे संयुग होय. लोखंड मोकळे करायचे तर त्याला चिकटलेला प्राणवायू काढून घ्यावा लागतो. त्यासाठी भट्टीच्या माथ्यावरून खनिज, कोक आणि चुनखडी यांचे थर टाकीत राहतात आणि तळाकडच्या नळ्यांतून सुमारे एक हजार अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापविलेली हवा झोताने आत सोडतात. ‘झोतभट्टी’ हे नाव त्यावरूनच पडले.

झोताच्या तोंडाशी कोक जळून कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. पण भोवती लालबुंद कोकचा खच पडलेला असल्यामुळे तो फार काळ टिकत नाही. कोकमधील कार्बनशी पुन्हा संयोग होऊन त्याचे रूपांतर कार्बन मोनॉक्साइडमध्ये होते. हा तप्त वायू खनिजाच्या थरांतून वर चढू लागतो आणि चढता चढता खनिजातील प्राणवायू काढून घेतो. मागे उरते ते लोखंड. ते वितळून तळाशी साचते. चुनखडी खनिजातील मातीशी एकजीव होऊन मळीच्या रूपाने त्यावर तरंगते.

परंतु सर्वच कार्बन मोनॉक्साइड या कामी खर्ची पडत नाही. भट्टीच्या माथ्यावरून बाहेर पडणाऱ्या वायूत तो साधारणपणे शेकडा २० ते २५ भाग उरलेला असतो. एक टन लोखंडामागे असा सुमारे दीड हजार घनमीटर किंवा त्याहूनही अधिक वायू निघतो. भिलाईतील ‘महामाया’ ही आठवी झोतभट्टी २०१८ मध्ये सुरू झाली. तिचे आतील आकारमान ४,०६० घनमीटर आहे. एवढ्या मोठ्या भट्टीतून रात्रंदिवस किती वायू बाहेर पडत असेल, याची यावरून कल्पना करता येईल. तो जळू शकत असल्याने वाया जाऊ देत नाहीत. त्यातील धूळ वेगळी करतात, पाण्याच्या फवाऱ्यांनी त्याला धुतात आणि मोठमोठ्या नळांतून नेऊन हवा तापविण्यासाठी व वीज निर्माण करण्यासाठी इंधन म्हणून वापरतात. पोलादाच्या कारखान्यात डोक्यावरून जाणारे जे प्रचंड नळ दिसतात, त्यांपैकी कित्येकांतून हाच वायू वाहत असतो.

रक्तातील प्राणवायूचे वाहन

हा वायू विषारी का ठरतो, हे समजण्यासाठी आपल्या रक्ताकडे वळावे लागेल. रक्ताच्या तांबड्या पेशींत हीमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. त्याच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि प्रत्येक अणूवर प्राणवायूचा एक रेणू बसू शकतो. हीमोग्लोबिन म्हणजे चार उतारूंची जणू बैलगाडीच. फुप्फुसांत प्राणवायू तीत चढतो. मेंदू, हृदय, स्नायू अशा ठिकाणी उतरतो आणि रिकामी गाडी पुन्हा फुप्फुसांकडे येते.

कार्बन मोनॉक्साइड नेमका याच जागा बळकावतो. हीमोग्लोबिनशी जखडून राहण्याची त्याची शक्ती प्राणवायूच्या दोनशे ते अडीचशे पट आहे. त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण अगदी थोडे असले तरी तो हळूहळू रक्तात साचत जातो. आणि त्याचा उपद्रव येथेच थांबत नाही. चारांपैकी एकदोन जागा त्याने अडविल्या की उरलेल्या जागांवर बसलेला प्राणवायूही सहजासहजी उतरेनासा होतो. पंडुरोगात ज्याचे हीमोग्लोबिन निम्म्यावर आले आहे, असा माणूस थकतो, धापा टाकतो, पण हिंडूफिरू शकतो. ज्याचे निम्मे हीमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने व्यापले आहे, तो मात्र मरणाच्या दारी पोहोचलेला असतो. या दोघांतील फरकाचे हेच कारण होय.

आपल्या शरीरातही जुन्या तांबड्या पेशी मोडताना हा वायू अत्यल्प प्रमाणात तयार होतो. त्यामुळे धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसाच्या रक्तातही शेकडा एकाच्या आसपास हीमोग्लोबिन त्याने धरलेले असते. सतत धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तात हेच प्रमाण शेकडा पाच ते दहा असू शकते. ते दहा ते वीसच्या घरात गेले की डोके दुखू लागते. तीस-चाळीसवर मळमळ, भोवळ, मतिभ्रम आणि पायांतले त्राण जाणे ही लक्षणे दिसतात. पन्नासच्या पुढे झटके, बेशुद्धी आणि मृत्यू. यांतली सर्वांत घातक अवस्था मधली असते. धोका कळण्याआधीच विचारशक्ती मंदावते, आणि धोका कळला तरी उठून दार उघडण्याचे बळ पायांत उरत नाही.

हॉल्डेन पितापुत्र

कार्बन मोनॉक्साइड रक्ताशी संयोग पावून प्राणवायूची जागा घेतो, हे फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले. परंतु त्याचा माणसावर नेमका किती वेळात व कसा परिणाम होतो, हे ठरविले ते ब्रिटिश वैज्ञानिक जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी. प्रयोगासाठी त्यांनी निवडलेला प्राणी म्हणजे ते स्वतः. मोजून घेतलेला वायू ते हुंगीत, रक्ताचे नमुने घेत आणि आपल्याला काय होते ते टिपून ठेवीत. निम्म्याहून अधिक हीमोग्लोबिन व्यापले जाईपर्यंत त्यांनी हा प्रयोग पुढे नेला. त्या वेळी त्यांना धड चालताही येत नव्हते. हे संशोधन १८९५ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढच्याच वर्षी त्यांनी कोळशाच्या खाणींतील स्फोटांमध्ये मरण पावलेल्या कामगारांच्या मृत्यूच्या कारणांचा अभ्यास केला. त्यांपैकी बहुतेक जण स्फोटाच्या आघाताने नव्हे, तर नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने मेले, असे त्यांच्या ध्यानात आले. उपाय म्हणून त्यांनी खाणीत लहान प्राणी नेण्याचे सुचविले. लहान प्राण्यांचा श्वासोच्छ्वास जलद असल्याने त्यांच्यावर विषाचा परिणाम माणसाच्या आधी होतो. त्यातूनच पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी खाणीत नेण्याची प्रथा रूढ झाली. पक्षी दांडीवरून खाली पडला की कामगार बाहेर धावत. ब्रिटनमधील खाणींत ही प्रथा थेट १९८६ पर्यंत चालू होती.

लहानपणापासून पित्याच्या प्रयोगांत हातभार लावणारा मुलगा म्हणजे प्रख्यात जीववैज्ञानिक जे. बी. एस. हॉल्डेन. ते १९५७ मध्ये भारतात आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

१२ जून २०१४

एवढे ज्ञान हाती असूनही दक्षतेची साखळी एखाद्या ठिकाणी तुटली की काय होते, याचा प्रत्यय भिलाईला १२ जून २०१४ रोजी आला. झोतभट्टीचा वायू पाण्याने धुतला जातो, हे वर सांगितलेच आहे. त्या दिवशी सायंकाळी पाणी पुरविणाऱ्या एका पंपघरात बिघाड झाला आणि पाण्याचा दाब एकदम उतरला. ज्या नळांतून पाणी वायूकडे जावयाचे, त्याच नळांतून वायू उलट दिशेने पंपघराकडे आला. या दुर्घटनेत सहा जण मृत्युमुखी पडले. दोन उपमहाव्यवस्थापकांचा त्यांत समावेश होता. आणखी अनेकांना बाधा झाली.

येथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पंपघर ही मुळी वायूची जागाच नव्हे. तेथे पाणी असते, आणि पाण्यापाशी धोका आहे असे कोणाच्या मनात येत नाही. दुसरे म्हणजे वायूचे प्रमाण. एक लहानसा हिशेब करून पाहू. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तितकीच उंच अशी खोली २७ घनमीटरांची असते. तीत झोतभट्टीचा केवळ एक घनमीटर वायू मिसळला, तर कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत सुमारे आठ हजार भाग इतके होते. दहा लाखांत चारशे भाग असले तर एकदोन तासांत डोके दुखू लागते. सोळाशे असले तर वीस मिनिटांत भोवळ येते व दोनएक तासांत मृत्यू ओढवू शकतो. सहा हजार चारशे असले तर दहा-पंधरा मिनिटांतच प्राण जाण्याचा धोका असतो. मग आठ हजारांची गोष्टच नको.

अशा अपघातांत आणखी एक गोष्ट जगभर पुनःपुन्हा घडते. एक माणूस कोसळतो, त्याला उचलायला दुसरा धावतो आणि तोही पडतो. माणुसकीच्या पोटी केलेली ही घाई मृतांची संख्या वाढविते. म्हणून वायूच्या क्षेत्रात काम करताना वायुसूचक यंत्र सोबत बाळगावे, दुसऱ्याला बाहेर काढताना हवेची स्वतंत्र टाकी असलेला मुखवटा घालावा आणि कोणीही एकट्याने आत शिरू नये, असे नियम केलेले आहेत. धुळीपासून रक्षण करणारी साधी पट्टी किंवा ओला रुमाल या वायूला मुळीच अडवू शकत नाही.

हा वायू ज्वालाग्राहीही आहे. कोक तयार करणाऱ्या भट्ट्यांतून निघणाऱ्या वायूत त्याच्या जोडीला हायड्रोजन व मिथेन असतात, आणि तो तर अधिकच भडकतो. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी भिलाईत अशाच एका वायुवाहिनीच्या दुरुस्तीच्या वेळी आग लागून दहाहून अधिक कामगारांचा बळी गेला.

आपल्या घरातील झोतभट्टी

कारखान्यात निदान नियम असतात, सूचक यंत्रे असतात, प्रशिक्षण असते. घरात यांतले काहीच नसते. शेगडीत कोळशाचे निखारे फुलले आणि धूर थांबला की आता ती खोलीत नेण्यास हरकत नाही, असे आपण समजतो. ही समजूत जीवघेणी आहे. धूर म्हणजे न जळालेले कण आणि वाफा; ते निघून गेले तरी कार्बन मोनॉक्साइडची निर्मिती थांबत नाही. तळाशी हवा शिरते, तेथे कार्बन डाय-ऑक्साइड होतो आणि वरच्या लाल निखाऱ्यांतून जाताना त्याचा मोनॉक्साइड बनतो. म्हणजे झोतभट्टीतील क्रियाच येथे लहान प्रमाणावर घडते. निखाऱ्यांवर अधूनमधून दिसणारी निळसर ज्योत ही जळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडची असते. जो जळतो तो दिसतो; जो जळत नाही तो खोलीत पसरतो.

याचा सर्वांत अधिक विचार बाळंतिणीच्या खोलीत व्हावयास हवा. विदर्भात आणि एकंदर महाराष्ट्रात बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवून शेक देण्याची जुनी रीत आहे. छत्तीसगढमध्ये यासाठी ‘गोरसी’ हे मातीचे भांडे वापरतात. तीत गोवऱ्यांचा विस्तव असतो. आईला व बाळाला ऊब मिळावी, हा त्यामागील हेतू चांगलाच आहे. परंतु ‘वारा लागू नये’ म्हणून दारे-खिडक्या बंद केल्या, फटींत चिंध्या कोंबल्या की ही ऊब घातक होऊ शकते. नवजात बालकाच्या रक्तातील बहुतेक हीमोग्लोबिन गर्भावस्थेतील प्रकारचे असते, आणि ते कार्बन मोनॉक्साइडला अधिक घट्ट धरून ठेवते. शिवाय तान्हे मूल मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जलद श्वास घेते. बाळाला डोके दुखते असे सांगता येत नाही. ते नुसते मलूल होते, दूध ओढीत नाही, आणि घरातील माणसे त्याला गाढ झोप लागली असे समजतात. ऊब द्यायचीच तर बाळाला आईच्या छातीशी धरावे, सुती-लोकरी कपड्यांत गुंडाळावे. शेक खोलीबाहेर तापविलेल्या कापडाने द्यावा. विस्तव मात्र झोपण्याच्या खोलीत ठेवू नये.

शहरांत शेगडीची जागा गॅसच्या गीझरने घेतली आहे. बंद, लहान न्हाणीघरात तो जळू लागला की काही मिनिटांत तेथील प्राणवायू कमी होतो, ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. त्यामुळे गॅस गळला तर कळेल, या भरवशावर आपण असतो. पण येथे गॅस गळत नाही, तो जळतो. आणि जळाल्यावर तो वास उरत नाही. महाराष्ट्रातील शहरांत अशा रीतीने न्हाणीघरात मृत्यू झाल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचावयास मिळतात. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. तसे शक्य नसेल तर बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार उघडून हवा खेळू द्यावी आणि मगच स्नानास जावे. ज्योत निळी न राहता पिवळी होऊ लागली किंवा आसपास काजळी दिसली, तर गीझर बंद ठेवून दुरुस्त करून घ्यावा. बंद खोलीतील जनित्र आणि बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेले मोटारीचे इंजिन ही याच घराण्यातील भावंडे होत.

ओळखावे कसे, करावे काय?

एकाच घरातील दोन-तीन माणसांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळू लागले, घराबाहेर पडताच बरे वाटले आणि परत येताच पुन्हा तसेच होऊ लागले, तर ते अन्नातून झालेले विष किंवा पडसे असे समजून स्वस्थ बसू नये. घरात काही जळत आहे काय, हे आधी पाहावे.

माणूस बेशुद्ध आढळला तर प्रथम दारे-खिडक्या उघडाव्यात, विस्तव किंवा गॅस बंद करावा आणि त्याला उघड्या हवेत आणावे. आत जाणाऱ्याने बाहेर कोणाला तरी उभे करून जावे. श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कांदा हुंगविण्यात किंवा तोंडात पाणी घालण्यात वेळ दवडू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेले पाणी श्वासनलिकेत जाते.

रुग्णालयात पोहोचताच ‘खोलीत शेगडी होती’ किंवा ‘गीझर चालू होता’ असे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कारण बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजण्याचे जे छोटे यंत्र आता सर्वत्र दिसते, ते येथे फसते. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हीमोग्लोबिनही लालभडक असते, आणि यंत्राला ते प्राणवायूने भरलेलेच वाटते. माणूस गुदमरत असताना यंत्र मात्र सर्व ठीक असल्याचे दाखवीत असते. खरे प्रमाण रक्ताच्या वेगळ्या तपासणीनेच कळते.

उपचार म्हणजे प्राणवायूच. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्म्यावर येण्यास चार ते पाच तास लागतात. मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिल्यास तासा-दीड तासात ते निम्मे होते. दाब वाढविलेल्या कक्षात प्राणवायू दिल्यास अर्ध्या तासाच्या आतच. शुद्धीवर आल्यानंतरही काही रुग्णांत दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरभोळेपणा, स्वभावात बदल, चालण्यात अडखळणे अशी लक्षणे उद्भवतात. म्हणून बरे वाटले तरी पुढील तपासणी टाळू नये.

भिलाईच्या भट्टीत हा वायू बंदिस्त आहे, मोजलेला आहे, त्याच्यावर पहारा आहे. तोवर तो देशाला लोखंड देतो. आपल्या घरात मात्र त्याच्यावर पहारा ठेवण्यास आपल्यावाचून दुसरे कोणी नाही. त्या पहाऱ्याला फारसा खर्च लागत नाही. थंडीच्या रात्री अंगावर एक पांघरूण अधिक घ्यावे, विस्तव अंगणात ठेवावा आणि खिडकीचे एक दार उघडे राहू द्यावे.